नऊ व्होल्टचं लफडं

बारामतीत रात्री दीड वाजता एखाद्या खोलीत दिवा जळत असेल, दार आतून लावलेलं असेल आणि फटीतून राळेसारखा वास येत असेल, तर शेजारपाजार तीनच तर्क करतो. पोरगं एमपीएससी करतंय, पोरगं प्रेमात पडलंय, नाहीतर पोरगं वाया गेलंय. आमच्या चिरंजीवांच्या बाबतीत समोरच्या वहिनींनी दुसरा आणि तिसरा तर्क एकत्र कालवून सोसायटीभर वाटलासुद्धा. मी हसून वेळ मारून नेली. प्रेमप्रकरण असतं तर सांगितलं असतं हो, त्याला समाजात काहीतरी नाव आहे. पण मुलगा बेस गिटारमध्ये नवीन प्रीॲम्प बसवतोय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

आता झाकली मूठ उघडलीच आहे, तर सगळंच सांगते.

बेस गिटार म्हणजे लांबून गिटारच वाटते. पण तारा चार, आणि एकेक अशी की विहिरीवर बादली बांधावी. सगळ्यांत जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा हलते. घेतली तेव्हा मी विचारलं, “यावर गाणी कुठली वाजतात रे?” तर म्हणतो, “आई, गाणी बाकीच्यांनी वाजवायची. आपण खालून धरायचं.” मला ते इतकं आवडलं, की त्या एका वाक्यावर मी भिशीचे बारा हजार काढून दिले. पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हेच वाजवायचे, असंही त्यानं सांगितलं. पोरगं थोरामोठ्यांच्या वाटेनं चाललंय म्हणून मी निर्धास्त होते.

आठ महिने बरे गेले. मग एके दिवशी ताटावर बसून शून्यात बघत म्हणाला, “टोन मिळत नाहीये.”

तिथून जे सुरू झालं त्याला मी दुखणंच म्हणते. जेवण कमी. झोप कमी. कुणी “कसा आहेस?” विचारलं तर “मिड्स लपलेत” असं उत्तर. भिगवण रोडच्या चहाच्या टपरीवर याचे तीन मित्र, तिघांनाही तीच लागण. एकजण एमआयडीसीत शिफ्टला जातो, तो कामावरून सुटला की घरी न जाता आधी आमच्याकडे येऊन आमच्या पोराच्या गिटारीचं पोट बघतो. चांगली चकचकीत वस्तू पालथी घालायची, मागचं झाकण काढायचं आणि चौघांनी आत डोकं घालून उसासे टाकायचे. चांगल्या घरची पोरं, पण बोलणं ऐकलंत तर कानावर हात ठेवाल. “तुझी अजून पॅसिव्हच आहे?” “अरे, ॲक्टिव्ह करून घे, आयुष्य बदलेल.” हे मी पडद्याआडून ऐकलं तेव्हा माझं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा.

आमच्या ह्यांनी शेवटी त्याला समोर बसवलं. “हे नक्की काय असतं ते मला मराठीत सांग.” पोरगं हुशार, बापाची नस त्याला बरोबर ठाऊक. म्हणाला, “बाबा, नीरा डावा कालवा धरा. गिटारीच्या पोटात लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, तो पिकअप. वर तार थरथरली की त्यात अगदी नावाला वीज तयार होते. हे झालं धरण. तिथून वीस फूट वायर, तो कालवा. आणि अँप म्हणजे इंदापूर. वरून पाणी सुटतं, पण शेपटाला पोचेपर्यंत वाटेत मुरतं. मुरतो तोही नेमका वरचा, चमकदार आवाज. प्रीॲम्प म्हणजे कालव्याच्या तोंडाशीच बसवलेली मोटर. शेपटापर्यंत दाब टिकतो.” शिवाय म्हणे, साध्या गिटारीचा टोनचा नॉब म्हणजे नुसता नळ, आहे त्यातलं कमी तेवढं करता येतं. प्रीॲम्पवर खालचं वेगळं आणि वरचं वेगळं वाढवताही येतं.

माझी नणंद इंदापूरला दिलेली आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, “वहिनी, बारामतीत बसून शेपटाचं दुःख कुणीतरी पहिल्यांदाच समजून घेतलं गं. बसवू दे त्याला.” तिच्या वशिल्यानं मंजुरी मिळाली.

या उद्योगाचा मूळ पुरुष कोण, हेही मी शोधून काढलं, कारण शिव्या नेमक्या पत्त्यावर गेलेल्या बऱ्या. लिओ फेंडर नावाचा अमेरिकेतला माणूस. शिकला हिशेबनिशी, दुकान रेडिओ दुरुस्तीचं. १९५१ मध्ये त्यानं प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि भल्यामोठ्या उभ्या बेसचं ओझं वाहणाऱ्यांची सुटका केली. मग १९७६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे आला, त्याच्या पोटात कारखान्यातूनच प्रीॲम्प आणि नऊ व्होल्टचा सेल. तेव्हापासून ज्याच्या पोटात सेल नाही त्याला पोरकं वाटायला लागलं. आणि गंमत ऐका, या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे म्हणाले, “वाजवता येत नसलं की असे उद्योग सुचतात.” चिरंजीव आठवडाभर बापाशी बोलले नाहीत.

सामान आणायला स्वारी विनाथांबा एसटीनं स्वारगेटला, तिथून तपकीर गल्लीत. पुण्यात लोक लक्ष्मी रोडला साड्या बघतात तसा हा मुलगा तिथे दिवसभर पॉट आणि जॅक बघत हिंडला. प्रीॲम्प आधीच कुरिअरनं आलेला होता, काडेपेटीएवढा. साधा दोन-अडीच हजारांत येतो, परदेशी नावाचा पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो. आमच्याकडे दोन्ही येऊन गेले. दुसरा कसा आला ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. बारा हजारांची गिटार आणि तिच्या पोटात सोळा हजारांचं यंत्र. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

मग माझं स्वयंपाकघर लुटलं गेलं. सांडशी गेली. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद गेला. गिटारीच्या पोटाला आतून धातूचा कागद लावला की बाहेरची खरखर आत येत नाही म्हणे. लावला, आणि त्यावर वायर जोडायला बसला. दोन तास झाले तरी जोड बसेना. कथलाची गोळी व्हायची आणि टपकन खाली पडायची. मी ताकाचं भांडं घेऊन दारात उभी होते, मला राहवेना. “अरे, ॲल्युमिनियमला कधी डाग लागतो का? तांब्याचा पत्रा आण.”

पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं.

आता यात बघण्यासारखं काय होतं? आमच्या माहेरी अंगणात कल्हईवाला बसायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता. भाता मारायचं काम आम्हा पोरांचं, म्हणून मला ते सगळं पाठ आहे. आधी भांडं घासून लख्ख करायचं. मग तापवायचं. मग नवसागर टाकायचा, त्याचा पांढरा धूर निघायचा. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची की ती पाण्यासारखी पळायची, आणि कापसाच्या बोळ्यानं एक फेर दिला की पातेलं चांदीचं. कुणी घाई करून थंड भांड्याला कथील लावलं तर तो ओरडायचा, की भांडं तापवा, कथील आपोआप तापेल. आमचे चिरंजीव नेमकं उलटं करत होते. सोल्डरगनच्या टोकावर कथील वितळवायचे आणि ते थेंब थंड वायरवर सोडायचे. वरून जोड दिसायचा, आत काही नाही. मी म्हटलं, “आधी वायर आणि पॉटची पाती दोन्ही तापव. गन त्यांना लाव, कथील पलीकडून टेकव.” टेकवलं. पळालं. पाऱ्यासारखा चकचकीत जोड बसला. नवसागराच्या जागी इथे राळ असते एवढाच काय तो फरक. नवसागर मात्र वापरू नका, नाजूक तारा खाऊन टाकतो.

त्या रात्री मी झोपायला दोन वाजता गेले. ह्यांना सांगितलं, दूध उतू गेलं होतं ते पुसत होते.

पण खरा तमाशा पुढे आहे. सगळं जोडून झालं, तांब्याचा पत्रा तेवढा पुण्याहून यायचा होता. पिन खोचली, तर गिटारीतून नुसतं हूंऽऽऽ. कुणी हात लावलेला नाही, तरी हूंऽऽऽ. मी घाबरून मेन स्विच बंद करायला निघाले, तेवढ्यात आमचे हे आतून बाहेर आले. हे भजनी मंडळात पेटी धरतात. डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, “पांढरी पाच. किंचित चढी.”

मुलानं फोनवर मोजलं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते आणि गिटारीतली उघडी वायर तिची गुणगुण पकडते. पेटीची पांढरी पाच खाली उतरत उतरत नेली की ४९ वर येते. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राची वीज रात्रंदिवस पांढरी पाचच्या जरा वर सा लावून बसलेली आहे आणि आजवर कुणी तिच्याबरोबर गायलं नव्हतं. आमचे हे गायले. मांडी घालून बसले आणि त्या हुंकारावर दोन अभंग म्हटले. तंबोरा जुळवायला नको, तार उतरायची भीती नाही. पुढचे चार दिवस पहाटेची काकड आरती बेस गिटारीच्या साथीनं झाली. पाचव्या दिवशी पत्रा आला, आणि मुलाला चूकही सापडली. तारा जिथे टेकतात त्या पट्टीखालची अर्थिंगची वायर डाग द्यायची राहून गेली होती. ती जोडली, पत्रा लावला, हुंकार गप्प. तर हे हिरमुसून म्हणाले, “बिघडवलंस.”

हा छंद काही परका नाही, असंही मला मधूनमधून वाटतं. आमच्या बारामतीच्या मातीतच हे आहे. मोरोपंत इथलेच, नाईकांच्या आश्रयाला राहिलेले, १७९४ मध्ये इथेच गेले. त्यांनी रामायण एकदा लिहून भागलं का? अष्टोत्तरशे रामायणं लिहिली. दरवेळी नवी अट, नवी खुबी. गोष्ट तीच, राम तोच, वायरिंग वेगळं! त्यातलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठांना ओठ लागू द्यायचा नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म गेला म्हणजे राम हे नावसुद्धा उच्चारता येत नाही, आणि हे रामायण! त्यांच्या घरच्यांनी काय काढलं असेल ते मला आता कळतं. मीही एकदा घरात निरोष्ठ आठवडा पाळायचा ठरवला होता, कारण प्रीॲम्प, पिकअप, बेस, बॅटरी, मिड्स हे सगळे शब्द त्यात आपोआप बाद होतात. दुपारपर्यंत टिकला. चिरंजीवांनी वहीत लिहून दाखवायला सुरुवात केली.

आता इंदापूरकडे वळू, कारण लागण तिकडेही गेली. नणंदेचा मुलगा बेंजो वाजवतो, वरातीत आणि गणपतीत. रितेश देशमुखचा बेंजोवरचा सिनेमा २०१६ मध्ये आला, त्यानंतर त्याचा रुबाब काही विचारू नका. हे बेंजो म्हणजे आपलं बुलबुलतरंग. जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये मोरिता गोरो नावाच्या गृहस्थानं टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवून ते काढलं. जपानी लोकांनी घरात बसून हळू वाजवावं म्हणून केलेलं नाजूक वाद्य आपण टेम्पोवर चढवलं. त्यालाही पिकअप बसवलेलाच असतो. चिरंजीवांचा पहिला, स्वस्तातला प्रीॲम्प काढून ठेवलेला भाच्यानं बघितला आणि म्हणाला, “मामी, हा टाकून द्यायचाय का?” मला वाटलं, ब्याद गेली. दोन दिवसांनी नणंदेचा फोन. “वहिनी, आमच्याकडेपण आता रात्री दिवा जळतोय.”

आणि एवढं करून हे वाजतं कुठे? डॉल्बीवर. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रचलेल्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. मूळचे रे डॉल्बी हे सज्जन गृहस्थ, १९६५ मध्ये लंडनला त्यांनी प्रयोगशाळा काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आपण कशाला दिलं बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, ती या भिंतीजवळ नुसती टाळ्यांनीच ओलांडली जाते. चिरंजीव एकदा त्या डॉल्बीवाल्याला समजावायला गेले, की दादा, माझे मिड्स जरा मोकळे ठेवा. डॉल्बीवाला म्हणाला, “भाऊ, तुमचं काय असंल ते असू द्या. मी इकडनं बेस फुल मारतो.” सोळा हजार रुपये एका नॉबात विरघळले.

गेल्या लग्नसराईत इंदापूरला नणंदेच्या शेजारी हळद होती. डॉल्बी नव्हता, साधा दोन पेट्यांचा साउंड, दहाला बंद करायचं ठरलेलं. भाचा बेंजोवर, आमचा मुलगा बेसवर, बाकी ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कॅशिओ. सासूबाईंना आम्ही नेलं होतं. वय ब्याऐंशी, ऐकू फार कमी येतं. दाराची बेल नाही, कुकरची शिट्टी नाही, सुनेचं बोलणं तर मुळीच नाही. लाकडी फळ्यांच्या स्टेजला लागून त्यांची खुर्ची, काठी फळीवर टेकलेली, गालात निमगाव केतकीचं पान.

तिसऱ्या गाण्याला चिरंजीवांचा चेहरा पडला. पंधरा दिवस गिटारीला पिन तशीच खोचलेली राहिली होती. या गिटारींना वेगळं बटण नसतं. पिन खोचली की जॅकमधल्या दोन पात्या जोडल्या जातात आणि सेल चालू. काढायला विसरलात की तो निमूटपणे संपत राहतो. आधी आवाज घोगरा झाला, मग कुरकुरला, मग काहीच नाही. सेल संपला तर आवाज साध्या वाटेनं जावा म्हणून एक छोटं बटण बसवता येतं. ते बसवलं नव्हतं, कारण दिसायला बरं दिसत नाही! इंदापुरात रात्री नऊ वाजता नऊ व्होल्टचा चौकोनी सेल कोण देतो? मुलगा तसाच उभा राहून बोटं चालवत राहिला, मान डोलवत राहिला. मांडव नाचत होता. नवरदेवाचे मित्र नाचत होते. भाच्यालाही पत्ता नाही. मला तरी काय कळलं होतं? मी नवरीच्या मावशीची साडी बघत होते.

तेवढ्यात सासूबाईंनी काठी आपटली. “काय गं, पोराचं बंद पडलं का? मघाधरनं काठीत येत न्हाई काही.”

म्हातारपणी कान जातात ते वरच्या बारीक आवाजांना आधी जातात, खालचे सगळ्यांत शेवटी. त्यात फळी हलत होती, काठी हलत होती. साऱ्या मांडवात त्या मुलाचं वाजवणं खरोखर ऐकणारी एकटी आमची म्हातारी होती, आणि तिला आम्ही बहिरी म्हणत होतो. दिवसभर बोललेलं तिला ऐकू जात नाही म्हणून मी किती आदळआपट केली असेल, ते जाऊ द्या. शेवटी साउंडवाल्याच्या मीटरमधला सेल काढून घातला. पहिला सूर आला तशी सासूबाईंची मान हलली. “आला.”

तेव्हापासून घर हातचं गेलेलं आहे. अँप सासूबाईंच्या लाकडी पलंगाला टेकवून ठेवलाय. रोज संध्याकाळी नातू वाजवतो आणि आजी हुकूम सोडते, “वाईच खालचं वाढीव. आरं, इतकं न्हाई!” टपरीवरची तिन्ही पोरं आता टोन तपासायला तिच्याकडे येतात. गिटार लावतात, ती पलंगावर तळवा टेकवते आणि “ह्येचं पोकळ हाय,” “ह्येचं बरं हाय” असा निकाल देते. परवा एकाचं तिनं पोकळ म्हटलं, तर उघडून बघितल्यावर पिकअपच्या दोन वायरी उलट्या जोडलेल्या निघाल्या. दोन पिकअप एकमेकांच्या उलट लागले की खालचा आवाज आपसात कापला जातो. काठीला कळलं, पोरांना कळलं नव्हतं. त्या वायरी मी सरळ केल्या. हो, मीच. आता डाग मीच देते, मुलाचा हात थरथरतो.

तर मंडळी, एक विनंती आहे. आम्हाला दुसरा सेल जोडायचाय. अठरा व्होल्टवर जोरात वाजवलं तरी आवाज लवकर फाटत नाही, आणि सासूबाई हल्ली जोरात मागतात. तुमच्या माळ्यावर बंद पडलेला जुना ट्रान्झिस्टर असेल, चौकोनी सेलवर चालणारा, तर भंगारात घालू नका. त्यातली सेलची ती दोन बटणांची टोपी आणि तिच्या लाल-काळ्या वायरी आम्हाला हव्यात. मी घरी नसले तर समोरच्या वहिनींकडे द्या. त्यांच्या मुलाचंही परवाच एक छोटं पार्सल आलंय, आणि काल रात्री त्यांच्याकडे दीडपर्यंत दिवा होता.